होडी गळायची थांबेपर्यंत

आमची होडी सोळा फुटी. फळ्यांची, वल्ह्यांची, इंजिन नसलेली. वाघोटनच्या खाडीकाठी घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, बांधली आणि 12 मे 2025 ला पाण्यात घातली. आम्ही दोघं नवरा-बायको हौशी, घराण्यात दर्यावर जाणारं कुणी नाही. बांधणीचे फोटो बघून बरेच जण चौकशी करतात, पण विचारतात ते लाकडाचं आणि मापांचं. माझी झोप उडवली होती ती त्यानंतरच्या कामाने. होडी बांधून झाली, उभी राहिली, छान दिसते आहे, आणि तिच्या प्रत्येक दोन फळ्यांमध्ये फट आहे. त्या फटी कापूस ठोकून आणि वर राळ-तेलाचं लुकण भरून बुजवायच्या आणि तिला पाण्याजोगी करायची. यावर वाचायला जे मिळालं ते थंड हवेतल्या लाकडाबद्दलचं होतं. कोकणातलं ज्ञान मेस्त्रींच्या, म्हणजे होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या, हातात आहे आणि ते लिहीत नाहीत. म्हणून मी लिहिते आहे.

लाकडाचं थोडक्यात सांगते, कारण सांध्यांचं नशीब तिथेच ठरतं. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा परड्यातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. झाड आपलं, जमीन आपली, पडलंही आपोआप; तरी ओंडका गिरणीवर न्यायला वाहतूक पास लागतो. 1964 च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, आंबा यांच्याबरोबर फणसही आहे. अर्ज, सातबारा, नकाशा, मग जागेवर पंचनामा, मोजमाप, ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का आणि शेवटी पास. हे सगळं सुरळीत झालं असतं, पण आमचा सातबारा सामायिक. त्यावर बदलापूरचे, गोरेगावचे, एक तर बडोद्याचे सहहिस्सेदार. प्रत्येकाचं संमतीपत्र हवं. गणपतीला सगळे गावी आले तेव्हा आरती झाल्यावर नवऱ्याने कागद पुढे केला आणि प्रसादाच्या आधी सह्या घेतल्या. तेव्हा शंभराचा स्टॅम्प चालला, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा लागतो. तुमचाही सातबारा असा असेल तर चतुर्थीपर्यंत थांबा, टपालाने सह्या गोळा होत नाहीत.

पास हातात आल्याशिवाय सॉ मिलवाला ओंडका आत घेत नाही आणि ते बरोबरच आहे. दिवाळीनंतर फळ्या कापून झाल्या. एक इंची फळ्या, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत रचल्या. फळीच्या दोन्ही तोंडांना जुना रंग फासला, नाहीतर तोंडं लवकर सुकतात आणि चिरतात. दोन पावसाळे त्या तशाच पडून होत्या. पठाणासाठी, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यासाठी, ऐन विकत घेतला, बाकी होडी घरच्या फणसाची. 2024 चं वर्ष बांधणीत गेलं.

डिसेंबरात शेवटची फळी बसली आणि मला वाटलं आता महिन्याभरात पाण्यात. आमच्या मेस्त्रींनी होडीभोवती एक फेरी मारली, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शिमगो होऊं दे." मला वाटलं सणाची सबब आहे. ती होतीच, पालखी नाचवायला ते स्वतः असतात. पण खरं कारण वेगळं होतं. थंडीत आपल्याकडे मतलई सुटतो, जमिनीवरून येणारा कोरडा वारा. त्या दिवसांत लाकूड सर्वांत जास्त आकसतं आणि सांधे सर्वांत मोठे दिसतात. त्या मोठ्या फटीत भरपूर कापूस भरला की पावसात लाकूड फुगताना त्याला जागाच उरत नाही. मग ते दुसरीकडे जोर काढतं: खिळे ओढले जातात, फळी वांकापासून सुटते. वांक म्हणजे होडीच्या आतल्या बरगड्या. उलट जूनच्या दमट हवेत भरलं तर फटी मिटलेल्या असतात आणि कापूस आत जात नाही. मधला काळ धरायचा. आमचा मुहूर्त ठरला गुढीपाडव्यानंतरचा, 30 मार्चच्या पुढे.

मधल्या दिवसांत घरात एक वाद झाला, तो सांगितलाच पाहिजे कारण तुमच्याही घरी होईल. पुण्याचा भाचा इंजिनियर. त्याचं म्हणणं, इपॉक्सी ओता, वरून फायबरचं कापड चढवा, दहा वर्षं बघायला नको. खाडीत आता बहुतेक होड्या फायबरच्याच आहेत, त्यामुळे तो काही वेडं बोलत नव्हता. पट्ट्या चिकटवून किंवा प्लायवूडची होडी केली असती तर मीही तेच केलं असतं. पण आमच्या फळ्या खिळ्यांवर बसवलेल्या सुट्या फळ्या आहेत. प्रत्येक फळी ऋतूप्रमाणे फुगते, आकसते. तिच्यावर न हलणारा कडक थर चढवला की थर आणि लाकूड यांचं भांडण सुरू होतं. कुठेतरी तडा जातो, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसल्याने लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून होडी चकचकीत दिसत राहते. मेस्त्रींनी भाच्याचं सगळं ऐकून घेतलं, पण मत दिलं नाही. ते मत देत नाहीत, काम सोडून जातात. आम्ही कापूस ठरवला.

मग सांधे तपासणं. दिवसा काही कळत नाही. मेस्त्रींनी रात्री बोलावलं, होडीत लांब वायरचा बल्ब ठेवला, वरून ताडपत्री टाकली आणि मांगरातला दिवा घालवला. काळोखात होडीच्या अंगावर उजेडाच्या बारीक रेषा उमटल्या. हेतू असा की सांधा आतल्या बाजूने मिटलेला आणि बाहेरच्या बाजूने उघडा हवा, म्हणजे कापूस आत ठोकला तर पलीकडे पडू नये. जिथून उजेड येतो तिथे सांधा आरपार आहे. नवरा खडूने खुणा करत गेला. बहुतेक ठिकाणी नुसता केसाएवढा उजेड होता, तो चालतो. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, जिथे फळ्या वळून येतात तिथे मात्र एक जागा अशी होती की मला पलीकडचा बल्ब दिसला. तिथे मेस्त्रींनी आतून फणसाचीच बारीक पट्टी घालून घेतली.

उलट प्रकारही होता. काही सांधे इतके घट्ट की त्यात कापूस शिरायला वावच नाही. जुन्या कानशीचं टोक वाकवून केलेल्या आकडीने ते बाहेरून खरवडून घेतले. बाहेर दोन-तीन मिलिमीटर आणि आत जाताना निमुळतं, असा तो खाचा पाहिजे. एक इंची फळीत निम्म्याहून थोडा अधिक खोल. हे कंटाळवाणं काम आहे आणि घाई केली तर फळीची कड झिलपटते. हे काम मेस्त्रींवर न टाकता आम्ही केलं, कारण मजुरी दिवसाला 1,200 रुपये होती आणि खरवडायला कौशल्यापेक्षा चिकाटी लागते. मग ब्रशने भुसा झाडून, सांध्यांतून पातळ केलेलं अळशीचं तेल फिरवलं. कोरडं लाकूड नंतर भरायच्या लुकणातलं तेल पिऊन टाकतं आणि लुकण ठिसूळ होऊन गळून पडतं. आधीच तहान भागवायची.

कापूस गादीवाल्याकडून आणला, पिंजलेला, दोन किलो, साधारण 250 रुपये किलोने. थोडा उरलाही. सरकीचे कण नसलेला बघून घ्या. त्याच्या लांब वाती वळायच्या, करंगळीपेक्षा बारीक, सैलसर. इथे सासूबाई पुढे आल्या. चातुर्मासात लक्षवातींचा नेम करणारा हात. ओसरीवर पाय पसरून बसल्या, मांडीवर पंचा टाकला आणि तळहाताने कापूस लांबवत गेल्या. मी वळलेली वात एका ठिकाणी जाड, दुसऱ्या ठिकाणी दोरा. त्यांची टोकापासून टोकापर्यंत सारखी. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "देवाच्या वाती चिमटीएवढ्या, ह्या होडीच्या हातभर, एवढाच फरक." दुसऱ्या दिवशीपासून शेजारच्या काकूंनाही बोलावून घेतलं. घरात एवढं हसू-बोलणं लग्नकार्यातच असतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठोकायला सुरुवात झाली. हत्यारं दोन: बोथट तोंडाची रुंद छिन्नी आणि चिंचेच्या लाकडाचा मोगर. छिन्नी बोथटच हवी, धारेची छिन्नी कापूस कापते. आधी वात सांध्यावर धरून छिन्नीच्या टोकाने हलकेच आत टोचत जायची, मध्ये मध्ये छोटे वेढे सोडायचे. फट मोठी तिथे वेढे जवळ, लहान तिथे लांब. एक हातभर अंतर झालं की मागे येऊन मोगराने बसवायची. वात मध्येच संपली तर नवी वात जुन्या वातीवर चार बोटं चढवून घ्यायची, टोकाला टोक लावून सोडायची नाही.

मी जोर लावायला लागले की मेस्त्री लांबून ओरडायचे, "वयनी, ठासू नकात! लाकडाक फुगाक जागा व्हयी." किती मारायचं हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. सुरुवातीला मोगराचा आवाज बद्द येतो. कापूस बसत गेला की आवाज चढतो आणि एका क्षणी टणक होतो. तिथे हात थांबवायचा. त्यापुढचा प्रत्येक घाव होडीला उघडतो. मेस्त्री विडी शिलगावून पाठ करून बसले तरी त्यांना कळायचं मी कुठे जास्त मारलं ते. पहिले काही दिवस मला आवाजातला फरक ऐकूच येत नव्हता. मग एका दुपारी, नवरा पलीकडच्या बाजूला ठोकत असताना, मला तो आपोआप ऐकू आला आणि त्यानंतर कधी चुकल्यासारखं वाटलं नाही.

एका बाजूचे सगळे सांधे संपवून मग दुसरी बाजू, असं करू नका. मेस्त्रींची पद्धत एक सांधा डावीकडे, त्याचा जोडीदार उजवीकडे. प्रत्येक सांधा भरताना फळ्या किंचित दुरावतात. एकाच बाजूने करत गेलं तर होडीवर एका अंगाने ताण येतो. फळ्यांची तोंडं जिथे एकमेकींना भिडतात ते उभे सांधे आणि खिळ्यांची डोकी यांना वेगळा वेळ द्या, पाणी नेमकं तिथून येतं. खिळे आमचे जस्त चढवलेले. प्रत्येक डोकं फळीच्या पातळीखाली बसवून वर लुकण भरलं.

कापसावर राळेचं लुकण. राळ पूजा-साहित्य आणि काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानात मिळते, आम्ही 3 किलो घेतली, 1,000 रुपयांच्या आसपास पडली. खलबत्त्यात कुटून, फडक्यातून वस्त्रगाळ करून, गरम अळशीच्या तेलात थोडी थोडी सोडत ढवळायची. वरून अगदी थोडा चुना. प्रमाण विचाराल तर मेस्त्रींनी मापाने काही टाकलं नाही. परीक्षा अशी: एक थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचा, गोठला की बोटांनी वाकवायचा. तुटला तर राळ जास्त, तेल वाढवा. बोटाला चिकटून लांबला तर तेल जास्त, उन्हात वाहून जाईल. न तुटता वाकला की झालं. वाटीशेजारी तुटलेल्या थेंबांची रास पडली होती, मुलगा ते गोळा करून खिशात घालत होता.

हे काम घरात करू नका. आम्ही परड्यात तीन चिरे मांडून, मंद आचेवर, अर्धंच भांडं भरून केलं. राळ आणि तेल दोन्ही पेटणारी, आणि फेस आला की भसकन वर येतो. शेजारी वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं. आणखी एक धोका बहुतेकांना ठाऊक नसतो: अळशीच्या तेलाचे हात पुसलेले फडके बोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एकेक फडकं सुटं करून दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. मांगर गवताने शाकारलेला असेल तर हे विसरूच नका.

गरम लुकण पातळ पट्टीने सांध्यात दाबायचं आणि फळीच्या पातळीपेक्षा जरा खोलगट ठेवायचं. मला ते सपाट, सुबक करावंसं वाटत होतं. पण फळ्या फुगल्या की सांधा आवळतो आणि लुकण बाहेर ढकललं जातं. खोलगट ठेवलं तर पाण्यात गेल्यावर ते बरोबर सपाट होतं. सुरुवातीच्या फोटोंत आमच्या होडीच्या अंगावर सुरकुत्या दिसतात त्या त्यामुळे.

पूर्वी या कामात शेंदूरही वापरत, म्हणजे शिशाचा लाल रंग. मेस्त्रींकडे एक जुनी पुडी होतीही. घरात मुलगा आहे, शिसं नको, म्हणून आम्ही तो टाळला आणि वरच्या अंगाला साधा रेड ऑक्साइड प्रायमर आणि ऑइल पेंट दिला. पाण्याखालच्या भागाला काजूच्या टरफलाचं तेल. काजूच्या कारखान्यात ते डब्याने मिळतं, अळशीच्या तेलापेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना ते मानवत नाही. पण कातडी जाळतं. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि तरीही आधी हातांना खोबरेल. मनगटावर उडालेल्या एका शिंतोड्याचा डाग माझ्या हातावर पावसाळाभर होता. दोन पातळ हात दिले. पातळच द्या, जाड थर आठवडा झाला तरी चिकट राहतो. 30 एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, दुसरा हात संपला आणि होडी काळसर तपकिरी, तेलकट चमकदार झाली. आतून मात्र नुसतं तेल दिलं, रंग नाही. आतल्या बाजूने लाकडाला मोकळं राहू द्यायचं.

दरम्यान होडीचे सरकारी कागद. पहिल्या कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे, हे सगळीकडे असतं तसं. प्रश्न तीनच असतात: इंजिन आहे का, मासे पकडून विकणार का, भाड्याने माणसं नेणार का. आमचं तिन्हीला नाही. मासेमारीसाठी हवी असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदणी आणि परवाना, तो अर्ज रिअलक्राफ्ट या पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. आमच्याकडे मोजमापं, बाजूने आणि पुढून फोटो, आधार आणि होडी बांधणाऱ्याचा दाखला मागितला. आता मेस्त्रींचं ना लेटरहेड ना शिक्का. शेवटी साध्या कागदावर मी लिहिलं, त्यांनी सही केली आणि सहीखाली स्वतःहून लिहिलं, "होडी मजबूत आहे." तो कागद चालला. काहीही द्या, पण दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. होडी पाण्यात असताना कुणी विचारलं तर तीच दाखवायची असते.

आता भिजवणं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होडीवर आणि होडीत ओली गोणपाटं पसरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. पाणी खाडीचं, कॅनमधून आणलेलं. नळ दारात असताना हे कशाला, असं मलाही वाटलं. पण लाकडाला कुजवतं ते गोडं पाणी. खारं पाणी टिकवतं. होडी आतून काठोकाठ भरू नका. ती बाहेरून पाण्याचा दाब सोसायला बांधलेली असते, आतून ओझं घेऊन लाकडी घोड्यांवर उभी राहायला नाही. तळाला चार बोटं पाणी पुरे. पहिल्या दिवशी सगळं पाणी खालून गळून जमीन ओली झाली. आठवडाअखेर नुसते थेंब पडत होते.

पाण्यात घालायला उधाण लागतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, भरती आमच्या उतारापर्यंत येतच नाही. 12 मेला बुद्धपौर्णिमा, सुट्टीचा दिवस, दुपारी भरपूर भरती. नारळ फोडला, सुपारीच्या सोटांवरून होडी ढकलत नेली. गावातली पोरं, मुंबईकर, सगळे हात लावायला. ती तरंगली. टाळ्या झाल्या. आणि मी आत वाकून बघते तो पाणी येत होतं. झिरपत नव्हतं, येत होतं. चार-पाच ठिकाणांहून बारीक चुळा. पेढे वाटणारा नवरा गप्प झाला. माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांचं लाकूड, घरातल्या सगळ्यांचे हात, आणि तळाला घोट्याएवढं पाणी.

मेस्त्री काठावर बसून होते. "पयल्या दिसाक रडताच ती. पाणी पिऊ दी तिका. पॉट भरला काय आपणच थांबतली." आणि चहा मागितला.

होडी उथळ पाण्यात, चिखलावर टेकेल अशी दोन्हीकडून बांधून ठेवली. निम्मी बुडलेली. लोक ये-जा करताना बघायचे, काही जण काळजीने विचारायचे. दर ओहोटीला पाच लिटरच्या कापलेल्या कॅनने उपसायचं आणि दर भरतीला पुन्हा भरू द्यायचं. तिसऱ्या दिवशी चुळा थांबल्या, पाझर राहिला. त्यानंतर बहुतेक सांधे कोरडे. या टप्प्यावर काठावरचा कुणी डांबर किंवा सिलिकॉन घेऊन मदतीला येईल. त्याला चहा द्या, काम देऊ नका. फुगत असलेल्या सांध्यावर वरून काहीही फासलं तर ते निघणारच आणि खरी गळती झाकली जाईल.

एक गळती मात्र हटेना. पाणी आतमध्ये पसरल्यामुळे येतं कुठून ते दिसत नव्हतं. मेस्त्रींनी होडी तरंगत असतानाच आतून पुसून कोरडी केली आणि सांध्यांवरून तांदळाचं पीठ भुरभुरवलं. मग सगळे गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. थोड्याच वेळात पठाण आणि नाळ जिथे मिळतात तिथे पिठात एक करडी रेघ उमटली आणि हळूहळू मागे सरकायला लागली. पुढच्या ओहोटीला होडी कलती करून तेवढाच वीतभर सांधा उघडला, जुनी वात ओढून काढली, सासूबाईंची नवी वात घातली, वर लुकण. तिथे तिन्ही दिशांची लाकडं एकत्र येतात, तेव्हा तुमचीही पहिली शंका तिथेच असू द्या.

पहिली फेरी कधी मारली याची तारीख मी लिहून ठेवली नाही, कारण लगेचच आभाळ भरलं. 20 मेपासूनच पाऊस सुरू झाला आणि 25 मेला मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. महाराष्ट्रात एवढा लवकर तो पस्तीस वर्षांत आला नव्हता. ठोकायला आम्ही पंधरा दिवस उशिरा बसलो असतो तर होडी अर्धवट सांध्यांनी पावसाळाभर मांगरात पडली असती. त्याच आठवड्यात, 21 मेला, कारवारला नौदलाने 'कौंडिण्य' ताफ्यात घेतलं. गोव्यात बांधलेलं, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेलं, राळेने सांधे बंद केलेलं शिडाचं जहाज. भाच्याने ती बातमी मला पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं. मी मेस्त्रींना व्हिडिओ दाखवला, त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, "कापूस खयचो वापरलो?"

पावसाळ्यात होडी वर ओढून, बूच काढून, मांगरात ठेवली. पालथी नाही, सुलटी, एका बाजूला कलती, म्हणजे गोडं पाणी साचून राहत नाही. वर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. आम्ही झावळ्यांचं छप्पर केलं. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घातली तेव्हा एक दिवस पाझरली आणि थांबली.

खर्चाचं विचारतात म्हणून: केवळ सांधे भरणं, तेल, रंग आणि भिजवणं एवढ्याला मजुरी धरून साधारण 22,000 रुपये गेले. त्यातले 14,000 मजुरीचे. तेलाला 1,800, काजूच्या तेलाला 900, प्रायमर, रंग, ब्रश आणि पॉलिशपेपरला 3,500, बाकी कापूस, राळ, हातमोजे. लाकूड आणि बांधणी वेगळी. सांधे खरवडणं, वाती आणि रंग घरी केले नसते तर मजुरी दुप्पट झाली असती.

यंदा मतलई सुटल्यावर सगळे सांधे नखाने दाबून बघितले. नाळेजवळचा वीतभर आणि डाव्या बाजूचा एक उभा सांधा एवढेच उघडावे लागतील, बाकी लुकण बसलेलं आहे. मेस्त्रींची मजुरी आता 1,300 झाली आहे. तुमच्याकडे असे कुणी असतील तर शिमग्याच्या आधी त्यांना गाठून दिवस ठरवून घ्या. नंतर ते दुसऱ्यांच्या होड्यांत अडकलेले असतात आणि फोन उचलत नाहीत.